वेंडेलसाठी, फ्रिजवर

वेंडेल, आधी चष्मा लाव, मग वाच.
सोमवारी पहाटे सहाला मला आत नेतील.
त्यानंतर निदान आठ दिवस
या घराचा खजिना तुझ्या हातात,
म्हणजे देवच राखो.

खजिना कुठे आहे ते सांगते.
ईमेलमध्ये डावीकडे एक कप्पा दिसेल, नाव 'बटाटे'.
चोराला कळू नये म्हणून बटाटे.
नाताळात घेतलेली सगळी कार्डं तिथे आहेत.

आता नीट ऐक. दरवर्षी सांगते, दरवर्षी तू नुसती मान हलवतोस.
पन्नास डॉलरचं कार्ड घेतलं की वर दहा मिळतात.
पन्नास आपले. ते कुठे जात नाहीत,
तळघरातल्या बिटाच्या बरण्यांसारखे पडून राहतात.
दहा मात्र त्यांचे. त्यांना मुदत असते.
एकतीस जानेवारीच्या रात्री बाराला ते वितळतात,
मग फोन केलास तरी
ती गोड आवाजाची मुलगी फक्त सॉरी देते.
सॉरी कुठल्याच दुकानात चालत नाही.

म्हणून आधी त्यांचे खर्च कर, मग आपले.
एवढं शिकायला मला एक अख्खा हिवाळा लागला.

शंभराचं एक घेऊ नकोस, पन्नासची दोन घे.
शंभरावर पंधराच देतात,
आणि वर अशी रिबीन बांधतात
की माणसाला वाटतं, आपणच जिंकलो.

जिथे आपण जात नाही तिथलं कार्ड
फुकट दिलं तरी महाग पडतं.
आठवतं ना ते मासेमारीच्या सामानाचं?
बोनसचे पंचवीस, आणि घरी आलं
बर्फ पोखरायचं तीनशेचं गिरमिट.
एकदाच चालवलंस.
खालचा मासा अजून हसत असेल.

सगळं हिरव्या वहीत मांडलंय.
एकोणीस सालापासून वाचले सहाशे बारा डॉलर.
त्यातून लोकरीच्या दुकानाचे चाळीस वजा:
मार्लिसनं दुकान बंद केलं, कार्ड माझ्याकडेच राहिलं.
मागायला गेले नाही.
त्याच महिन्यात तिच्या नवऱ्याचे डोळे गेले होते.

सहाशे बारा. मग ते आहेत कुठे, असं तू विचारशील.
मलाही कधीकधी रात्री हाच प्रश्न पडतो.
वाचलेले पैसे दिसत नाहीत.
बर्फावर न घसरलेल्या पावलासारखे ते;
न पडलेल्या माणसाला कोण विचारतं, लागलं का?

डॉक्टर ओस्टबी म्हणाले, शंभरात ब्याण्णव.
मी म्हटलं, एवढा भाव मला आजवर कुणी दिला नाही.
ते हसले. तू हसला नाहीस.
खिडकीतून सरोवराकडे बघत राहिलास,
जसं काही एखादं जहाज यायचं होतं.
जानेवारीअखेर डुलुथला जहाजं येत नाहीत, वेंडेल.

बाकीचं.
पॅनकेकवाल्यांचे दहा बुधवारी मरतात.
तेव्हा मी नळ्या लावून पडलेली असेन. तू जा.
आपल्या खिडकीजवळच्या टेबलावर नको, काउंटरवर बस,
तिथे एकट्या माणसाकडे कुणी बघत नाही.
बिल दहाच्या खाली आलं तर उरलेलं परत मिळत नाही,
तेव्हा सॉसेजही घे. मुलीला सांगू नकोस.
टीप रोख दे, आणि पूर्ण बिलावर, बोनस वजा करून नाही.
चिकट मी आहे, हे वाढणाऱ्या पोरीला कळायचं कारण नाही.

इटालियनवाल्यांचं तेवढं राहू दे.
त्यांचा बोनस उलटा आहे:
पंधरा फेब्रुवारीच्या आधी चालतच नाही,
आणि चालतो तो दोन माणसांच्या जेवणावरच.
बारीक अक्षरात लिहिलंय. मी दोनदा वाचलं.
ते मी ठेवलंय.

पासवर्ड आपल्या पहिल्या कुत्र्याचं नाव, पुढे घराचा नंबर.
मोबाईल दाखवताना उजेड पूर्ण वाढव,
नाहीतर मशीनला काही दिसत नाही
आणि मागची रांग तुझ्याकडे बघते.
मांजरीला दोनदा खायला घालू नकोस.
ती खोटं बोलते.